पडद्यावरचें वक्तृत्व

आजकाल चार माणसें कांहीं ऐकण्यासाठीं एकत्र जमलीं कीं समोर पांढरा पडदा हा आलाच. शाळेंतील मुलांचा प्रकल्प असो, महाविद्यालयांतील व्याख्यान असो, कचेरींतील तिमाही आढावा असो, किंवा गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची सभा असो. वक्ता उभा राहतो, दिवे मंद होतात आणि एकामागून एक स्लाइड्स सरकूं लागतात. ज्या साधनाच्या बळावर कर्जें मंजूर होतात, उपचारांच्या पद्धती ठरतात आणि पुलांचे आराखडे संमत होतात, त्याचा विचार आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांतून जवळजवळ होतच नाहीं. तो विषय संगणकाच्या शिकवणीवर्गांकडे सोपवून आम्ही मोकळे झालों आहों.

वाङ्मयाशीं याचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. तीस आमचें उत्तर असें कीं, जेथें विचार शब्दांत ओवून दुसऱ्याच्या बुद्धीस पटविण्याचा प्रयत्न होतो, तेथें वक्तृत्वशास्त्राचा अधिकार पोंचतो. आणि जेथें वक्तृत्व आहे तेथें टीकेसही जागा आहे. नाटकाची, कीर्तनाची, व्याख्यानमालेची चिकित्सा आम्ही करतों. मग आमच्या मुलाबाळांचा व कर्त्या माणसांचा इतका वेळ ज्यांत जातो त्या या नव्या सभाकलेची चिकित्सा करण्यास संकोच कां वाटावा?

हा प्रकार सर्वस्वीं परका व अगदीं अलीकडचा आहे अशीही एक समजूत आहे. ती खरी नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील आख्यानें कागदावर रंगविलेल्या चित्रांच्या आधारें सांगत आले आहेत. चित्रांच्या एका चळतीस ते पोथी म्हणतात. कथेकरी एक चित्र श्रोत्यांपुढें धरतो, वाद्यांच्या साथीनें तेवढा प्रसंग गाऊन सांगतो, आणि प्रसंग संपला कीं दुसरें चित्र पुढें घेतो. युरोपांत क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें १६५९ मध्यें जादूच्या कंदिलाची रचना टिपून ठेविली. त्याच जातीच्या कंदिलावर हातानें रंगविलेल्या कांचांचे खेळ कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास सुरू केले व त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें. या परंपरांत एक शिस्त होती. चित्र डोळ्यांसाठीं आणि शब्द कानांसाठीं, अशी कामाची वांटणी ठरलेली होती. कथेकरी चित्राकडे बोट दाखवी. चित्रावर लिहिलेलें वाचून दाखवीत नसे.

ही वांटणी मोडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर टंकलिखित मुद्दे उतरवून ते प्रकाशयंत्रानें पडद्यावर टाकण्याची चाल कचेऱ्यांत पडली, आणि चित्राची जागा यादीनें घेतली. १९८७ मध्यें रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनीं फोरथॉट नांवाच्या लहानशा अमेरिकन कंपनींत घडविलेलें पॉवरपॉइंट प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठीं विक्रीस आलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी एक कोटी चाळीस लक्ष डॉलरांस विकत घेतली, आणि १९९० मध्यें विंडोजसाठीं आवृत्ति निघाल्यावर हें साधन जगभर पसरलें. विशेष हा कीं, वीस वर्षांनंतर, २००७ मध्यें, खुद्द गॅस्किन्स यांनींच अशी खंत बोलून दाखविली कीं, स्लाइड्स हा सविस्तर लिहून काढलेल्या विचाराचा केवळ गोषवारा असावा, ही मूळ कल्पना होती. लोकांनीं मूळ लेख लिहिणेंच सोडलें आणि गोषवारा तेवढा ठेवला.

या साधनावर सर्वांत कडक टीका केली ती एडवर्ड टफ्टी यांनीं. टफ्टी हे येल विद्यापीठांत संख्याशास्त्र व राज्यशास्त्र शिकवीत. आंकडे व चित्रें यांच्या मांडणीवरील त्यांचे ग्रंथ प्रमाणभूत मानले जातात. २००३ मध्यें त्यांनीं ‘द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट’ हें छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचा आरोप थोडक्यांत असा: एका स्लाइडवर मावणारी माहिती फार तुटपुंजी असते; त्यामुळें सलग विचाराचे तुकडे पडतात; मुद्दे, पोटमुद्दे व त्यांचे पोटमुद्दे अशी उतरंड रचतांना त्यांमधील कार्यकारणसंबंध नाहींसा होतो; आणि हें सर्व वक्त्याच्या सोयीचें असतें, श्रोत्याच्या किंवा विषयाच्या हिताचें नसतें. माल विकणाराची वृत्ति विद्येच्या व शास्त्राच्या क्षेत्रांत शिरली, असें त्यांचें म्हणणें.

हा आरोप केवळ अभिरुचीचा असता तर त्यावर एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच वर्षीं त्यास एक भयंकर उदाहरण मिळालें. १६ जानेवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ हें अमेरिकन अवकाशयान उडालें. उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसासारख्या हलक्या आवरणाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशांत असतांना बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनीं या आघाताचा अभ्यास करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढें तीन अहवाल मांडले; ते तिन्ही मिळून २८ स्लाइडांचे होते. त्यांतील एका स्लाइडचें विच्छेदन टफ्टी यांनीं केलें, आणि अपघाताच्या चौकशी मंडळानें ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालांत त्यास जागा दिली.

ती स्लाइड पाहण्यासारखी आहे. तिच्या माथ्यावरील ठळक वाक्याचा आशय असा कीं, मागील चाचण्यांवरून पाहतां, यानाच्या उष्णतारोधक फरशांना किती खोल इजा होईल याचें गणित वास्तवापेक्षां जास्तच इजा दाखवितें; म्हणजे भीतीच्या बाजूनें चूक करतें. वाचणारास यांतून धीर मिळतो. त्याच्या खालीं सहा पायऱ्यांची उतरंड आहे. प्रत्येक पायरीस अक्षर बारीक होत जातें. इंग्रजींतील ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द व त्याचें क्रियाविशेषण मिळून पांच वेळां येतात, आणि ते नेमक्या कोणत्या मापानें लक्षणीय, हें सांगितलेलें नाहीं. अगदीं तळाशीं, सर्वांत खालच्या पायऱ्यांवर, खरी गोष्ट दडली आहे: प्रत्यक्ष स्थिति चाचण्यांच्या मर्यादेबाहेरची आहे, चाचणींतील तुकडा तीन घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला तुकडा १,९२० घन इंचांचा असावा. म्हणजे ६४० पट. ज्या पुराव्याच्या जोरावर मथळा धीर देतो, तो पुरावा या प्रसंगास लागूच पडत नाहीं, असें तीच स्लाइड तळटिपेच्या आवाजांत सांगते. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्यानें ती वाचली तरी प्रश्न जीवितमरणाचा आहे हें त्याच्या ध्यानांत न येणें सहज शक्य होतें, असा चौकशी मंडळाचा अभिप्राय पडला. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परततांना यानाचे तुकडे झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्यु पावले. त्यानंतर जुलैंत झालेल्या चाचणींत तसाच फेसाचा तुकडा वेगानें सोडला असतां पंखाच्या पुढच्या कडेच्या आवरणास सुमारें सोळा इंचांचें भगदाड पडलें.

येथें मुख्य प्रश्न उपस्थित होतो. दोष हत्याराचा कीं कारागिराचा? टफ्टी यांचा कल हत्यारास दोषी ठरविण्याकडे आहे, आणि तेथें त्यांच्याशीं पूर्णपणें सहमत होणें आम्हांस शक्य दिसत नाहीं. चौकशी मंडळानें नासाच्या कारभाराची, तेथील गृहीतकांची व वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांची जी झडती घेतली, ती एका स्लाइडपेक्षां पुष्कळ व्यापक आहे. पंखाचीं छायाचित्रें आकाशांतून मिळवावीं अशा मागण्या अभियंत्यांकडून झाल्या होत्या. त्या पुढें सरकल्या नाहींत. ज्या कचेरींत वाईट बातमी ऐकण्याची इच्छा नाहीं, तेथें ती सुवाच्य निबंधांत लिहिली तरी बासनांत राहते. सबब एका आज्ञावलीच्या माथीं सात प्राणांचा भार ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि, हत्यार बिचारें निर्दोष असतें, वापरणाऱ्यानें तें नीट वापरावें, हें दुसऱ्या टोकाचें मतही आम्हांस पटत नाहीं. लिहावयास बसलेल्या माणसापुढें कोरा कागद असतो. येथें भरावयाचा तक्ता असतो. वर मथळ्याची चौकट, खालीं ठिपक्यांच्या ओळी. रिकामी चौकट माणसास स्वस्थ बसूं देत नाहीं. ती भरण्याच्या नादांत विचार तिच्या आकाराचा होतो. ठिपक्यांच्या यादींत तर सर्वांत मोठी हानि होते ती उभयान्वयी अव्ययांची. ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘कारण’, ‘जर-तर’, ‘तरीसुद्धां’ हे शब्द म्हणजे विचाराचे सांधे आहेत. यादींत त्यांना जागा नसते. पांच मुद्दे एकाखालीं एक लिहिले म्हणजे त्यांतील कोणता कारण, कोणता परिणाम, कोणता अपवाद, हें सांगण्याची जबाबदारी लेखकावरून उतरते. आणि पुष्कळदां ती उतरावी म्हणूनच यादी केली जाते. कोलंबियाच्या स्लाइडवर ‘परंतु’ हा एक शब्द मोठ्या अक्षरांत असता, तर तिचा अर्थ उलटा झाला असता.

पीटर नॉर्व्हिग या संगणकशास्त्रज्ञानें २००० मध्यें याची एक मार्मिक थट्टा केली. अब्राहाम लिंकन यांचें १८६३ मधील गेटिसबर्ग येथील भाषण अवघें २७० शब्दांच्या आसपासचें. नॉर्व्हिग यांनीं तें पॉवरपॉइंटच्या ‘ऑटोकंटेंट विझर्ड’ नांवाच्या तयार सांच्यांत घातलें. परिणामीं मृतांना वाहिलेली ती गंभीर श्रद्धांजली कार्यक्रमपत्रिका, उद्दिष्टें, आढावा आणि नव्या राष्ट्रांच्या संख्येचा स्तंभालेख अशा रूपांत अवतरली. हंसून हंसून पुरेवाट होते. पण हंसें ओसरल्यावर ध्यानांत येतें कीं, माहिती बहुतेक सगळी शिल्लक आहे, भाषण मात्र मेलें आहे. तो विझर्ड पुढें काढून टाकण्यांत आला. परंतु आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें दोन ओळींच्या सूचनेवरून अख्खी स्लाइडमाला सजवून देतात. म्हणजे सांचा गेला तो अधिक हुशार होऊन परत आला. वक्त्यानें स्वतः विचार केला आहे कीं नाहीं, हें श्रोत्यानें ओळखण्याची गरज त्यामुळें अधिकच वाढली आहे.

मग चांगलें सचित्र व्याख्यान कसें योजावें? आमच्या मतें पहिली गोष्ट ही कीं, योजना पडद्यापासून दूर करावी. ‘हें ऐकून उठणाऱ्या माणसास आधीं न पटलेलें असें काय पटावें?’ या प्रश्नाचें उत्तर कागदावर एका पूर्ण वाक्यांत लिहावें. तें लिहितां येत नसेल तर व्याख्यान अजून तयार नाहीं. स्लाइड्स करण्यानें तें तयार होणार नाहीं. त्यानंतर तें वाक्य सिद्ध करण्यास लागणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक एका वाक्यांत, क्रमानें लिहाव्या व मोठ्यानें वाचाव्या. सांधे जुळतात कीं नाहीं, हें कानास तत्काळ कळतें. आमचे नारदीय कीर्तनकार हेंच करीत आले आहेत: पूर्वरंगांत सिद्धान्त मांडावयाचा आणि उत्तररंगांत त्यास पोषक असें आख्यान लावावयाचें. आख्यान रसाळ आहे म्हणून सिद्धान्त शोधणारा कीर्तनकार श्रोत्यांच्या लगेच लक्षांत येतो.

एवढें झाल्यावर तिसरा प्रश्न विचारावा: यांपैकीं कोणत्या वाक्यास डोळ्यांची साक्ष हवी? नकाशा, आलेख, यंत्राचा छेद, रोग्याच्या फुप्फुसाची छाया, जुन्या वाड्याचें छायाचित्र, या गोष्टी बोलून दाखवितां येत नाहींत; तेथें पडदा अवश्य हवा. तत्त्व, युक्तिवाद, आवाहन, आठवण, यांस तो बहुधा नको. तेथें पडदा काळा करून वक्त्यानें पुढें यावें. प्रत्येक मिनिटास पडद्यावर कांहींतरी असलेंच पाहिजे, ही भीति सोडल्यावांचून या कलेंत सुधारणा होणार नाहीं.

मांडणीच्या बाबतींत मानसशास्त्राचा आधार आतां बराच मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेंतील रिचर्ड मेयर यांनीं शिक्षणांतील शब्द व चित्रें यांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले. त्यांचा एक निष्कर्ष चित्रकथ्यांच्या शिस्तीस दुजोरा देणारा आहे: चित्र आणि तोंडी निवेदन यांच्या जोडीनें विषय चांगला समजतो, त्यांत तेंच निवेदन छापील रूपानेंही पडद्यावर घातलें तर समज वाढण्याऐवजीं घटते. कारण उघड आहे. डोळे चित्र पाहतील कीं ओळी वाचतील? आणि वाचणाऱ्याचा वेग बोलणाऱ्याहून वेगळा असल्यामुळें वाचन व श्रवण यांची ओढाताण होते. शोभेचीं चित्रें, उडत येणारीं अक्षरें व निष्कारण आवाज हे समजुतीस मारक ठरतात, असेंही याच प्रयोगांतून दिसलें आहे. मात्र परिभाषेचे अवघड शब्द, विशेषनामें, किंवा व्याख्यानाची भाषा श्रोत्यांची मातृभाषा नसणें, अशा प्रसंगीं पडद्यावरील थोडे शब्द उपकारक होतात. मराठी बोलणाऱ्या सभेंत इंग्रजी स्लाइड्स लावण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचा या दृष्टीनें विचार व्हावा. तेथें श्रोता एकाच वेळीं ऐकतो, वाचतो आणि भाषांतर करतो. तीन कामांत विषय कोठें उरणार?

मायकेल अ‍ॅली या अभियांत्रिकीच्या शिक्षकांनीं सुचविलेली एक सुधारणा आम्हांस फार मोलाची वाटते. स्लाइडच्या माथ्यावर विषयाचें नांव लिहूं नये. विधान लिहावें, आणि खालीं यादीऐवजीं त्या विधानाचा दृश्य पुरावा द्यावा. ‘चाचण्यांचे निष्कर्ष’ हें नांव झालें. ‘आदळलेला तुकडा तपासलेल्या तुकड्याच्या ६४० पट आहे, म्हणून या चाचण्यांवरून पंख सुरक्षित आहे असें म्हणतां येत नाहीं’ हें विधान झालें. आणि त्याखालीं एक लहान ठोकळा व त्याशेजारीं ६४० पट मोठा ठोकळा, एवढें चित्र पुरलें असतें. विधान लिहिण्यास धैर्य लागतें, कारण तें खोडतां येतें. नांव लिहिण्यास धैर्य लागत नाहीं. ठिपक्यांच्या यादीची लोकप्रियता कशांत आहे, याचें अर्धें उत्तर यांत सांपडेल.

संख्येचे नियम सांगणारेही पुष्कळ आहेत. गाय कावासाकी यांनीं २००५ मध्यें दहा स्लाइड्स, वीस मिनिटें व तीस पॉइंटांचें अक्षर असा दंडक घातला. टोकियोंत २००३ मध्यें सुरू झालेल्या ‘पेचाकुचा’ मेळाव्यांत वीस चित्रें, प्रत्येकीं वीस सेकंद, असें बंधन असतें. असे दंडक बडबडीस आळा घालतात, एवढ्यापुरते ते स्वागतार्ह आहेत. शेवटच्या रांगेंतील वृद्ध श्रोत्यास अक्षर दिसावें, आणि तांबडा-हिरवा भेद ज्यांस कळत नाहीं त्यांचाही आलेख रंगवितांना विचार व्हावा, हें तर सौजन्यच आहे. परंतु वृत्ताच्या मात्रा जुळल्यानें काव्य होत नाहीं, तसें स्लाइड्स मोजून व्याख्यान होत नाहीं.

हें साधन मुळांतच क्षुद्र नाहीं, याचीं साक्ष देणारीं उदाहरणें आहेत. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचें हवामानबदलावरील सचित्र व्याख्यान २००६ मध्यें ‘अ‍ॅन इनकन्व्हीनियंट ट्रुथ’ या नांवानें चित्रपटरूपानें आलें व त्यास ऑस्कर मिळालें. कर्बवायूच्या प्रमाणाची रेषा पुढें कोठवर जाईल हें दाखविण्यासाठीं ते त्यांत पाळण्यावर चढून उंच जातात. आलेखाची उंची प्रेक्षकास अंगीं जाणवते. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनीं त्याच वर्षीं राष्ट्रांचे बुडबुडे वर्षागणिक सरकत ठेवून आरोग्य व संपत्ति यांचा इतिहास एखाद्या शर्यतीच्या वर्णनासारखा सांगितला. दोघांच्याही पडद्यावर यादी नव्हती; पुरावा होता, आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस शेजारीं उभा होता.

याच्या उलट, जेथें मोठा निर्णय घ्यावयाचा आहे तेथें पडदाच नको, अशीही एक व्यवस्था आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीचे जेफ बेझोस यांनीं २००४ मध्यें वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट काढून टाकलें व त्याऐवजीं सलग गद्यांत लिहिलेलें, फार तर सहा पानांचें टिपण आणावें असें ठरविलें; बैठकीच्या आरंभीं सर्वजण तें मुकाट्यानें वाचतात व मग बोलतात. आम्हांस यांत कंपनीच्या यशापेक्षां गद्याचा सन्मान महत्त्वाचा वाटतो. वाक्यास कर्ता लागतो, क्रियापद लागतें, आणि दोन वाक्यांमध्यें संबंध लागतो. म्हणून गद्यांत लबाडी करणें अशक्य नसलें तरी अधिक कष्टाचें आहे. दाखविण्यासाठीं पडदा, समजाविण्यासाठीं वाणी आणि निर्णयासाठीं लेख, ही त्रिविध वांटणी आमच्या संस्थांनीं पाळली तर पुष्कळ सभा लहान होतील व पुष्कळ निर्णय शहाणे होतील.

शेवटीं आमची विनंति पालकांस व शिक्षकांस आहे. आपलीं मुलें आठवी-नववींतच स्लाइड्स करूं लागतात. त्यांतील रंग, चित्रें व सफाई पाहून आपण कौतुक करतों. त्याऐवजीं पडदा बंद करून त्यांना विचारावें कीं, ‘आतां हें सगळें तुझ्या शब्दांत सांग.’ जें मूल तें ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ यांसह सांगूं शकेल, त्याच्या स्लाइड्स चांगल्या आहेत कीं वाईट, याची फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं. जें सांगूं शकणार नाहीं, तें उद्यां कोठल्या तरी कचेरींत मोठ्या अक्षरांत धीर देईल आणि बारीक अक्षरांत धोका लपवील. आणि तेव्हां त्याच्या पडद्यापुढें बसलेल्यांना त्या बारीक अक्षरांचें मोल मोजावें लागेल.